काडीचा पहिला ठोसा

प्रत्येक महापुरुषामागे एक खलनायक उभा असतो. पर्वताला दरी लागते, दिव्याला अंधार लागतो, तसा वीराला दुष्ट लागतो. तो नसता तर इतिहासाची अर्धी पानं कोरी राहिली असती आणि उरलेली अर्धी कुणी वाचली नसती. असाच एक खलनायक, ज्याच्या क्रौर्यातून एक जगज्जेता मुष्टियोद्धा घडला, त्या दुपारी आपल्या गाद्यांच्या दुकानात मांडी घालून बसला होता. भुवयांवर कापूस साचला होता, आणि तो बायकोला म्हणत होता, "अगं, एवढा दोरा ओवून दे ना. दाभणाचं भोक सापडत नाहीये."

आपण खलनायक आहोत हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. ते कळायला चार पानं बाकी होती.

हा गादीवाला जन्मापासून गाद्यांत वाढलेला. बापाचं दुकान, बापाचाच दाभण, आणि अंगकाठी अशी की दुकानातल्या मालात मिसळून जावी. लहानपणीच गल्लीने त्याचं नाव लोड ठेवलं होतं. ज्याने ठेवलं त्याला माणसांची पारख असली पाहिजे. लोड टेकायला असतो, आणि गल्लीतला जो तो आयुष्यात कधी ना कधी त्याला टेकून गेला होता. गरीब गाय म्हणावं तर गाय निदान शिंग तरी उगारते. लोड गिऱ्हाइकावर रागावला की फार तर गादीला एखादा टाका जास्त घालायचा.

दुपारी दुकानात वर्दळ नसे. तेव्हा तो टाके घालायचा आणि बायको मोठ्याने वाचायची. आजवर तिने पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एकदा भांडण नको म्हणून नुसतं कॅलेंडर वाचून दाखवलं होतं. पण या आठवड्यात खास पुस्तक होतं. गल्लीतून गेलेल्या आणि पुढे जगज्जेता झालेल्या बॉक्सरचं आत्मचरित्र! ग्रंथालयात आल्या आल्या बायकोने ते पदराखाली धरून आणलं होतं, कारण समोरचा कुलूपवालाही टपून होता.

बॉक्सर जगाला कुणीही असो, लोडला तो काडी होता. बालमित्र. एका पाटीवर दोघांनी लिहिलेलं, एका गोधडीत दोघे झोपलेले. काडीने गल्ली सोडली, मग गाव सोडलं, मग देशोदेशी लोकांची नाकं फोडत हिंडला. पत्रं यायची ती कमी झाली, मग थांबली. लोडने कधी तक्रार केली नाही. पण पुस्तक हाती आल्यापासून त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती तो बायकोलाही सरळ विचारत नव्हता. आपण त्याच्या लक्षात आहोत का?

"आलो का मी?" असं मात्र दर दोन पानांनी विचारत होता.

"अजून नाही. आत्ता कुठे त्यांचा जन्म होतोय."

पहिल्या प्रकरणात काडी जन्मला. दुसऱ्यात त्याची आई, घर, गळकं छप्पर आणि कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं आलं. कुत्र्याला तब्बल अर्धं पान होतं.

"कुत्रं आलं," लोड म्हणाला.

"येईल हो तुमचंही. पुस्तकं अशी हळूहळूच मुद्द्यावर येतात."

तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं 'राक्षस'. बायकोने घसा साफ केला.

"'आमच्या गल्लीत एक राक्षस राहत होता. गादीवाल्याचा मुलगा...'" ती थांबली. तिने वर पाहिलं. लोडचा दाभण गादीत अर्धा गेलेला, तसाच राहिला.

"वाच."

"'गादीवाल्याचा मुलगा. आडदांड, निर्दयी. त्याच्या पावलांनी गल्ली हादरायची.' तुमच्या पावलांनी? घोरण्याने म्हणायचं असेल. 'त्याचे डोळे अंगारासारखे. अंगात मळकट सदरा. रोज तो माझ्या हातातला पाव हिसकावून घ्यायचा आणि माझ्यादेखत खायचा.'"

"रोज?" लोडने विचारलं.

"रोज म्हटलंय. 'एक दिवस मी मूठ आवळली. आयुष्यातला पहिला ठोसा मी त्याच्या हनुवटीवर हाणला. राक्षस कोसळला. त्या क्षणी माझ्यातला योद्धा जन्माला आला.'" बायकोने पुस्तक मिटलं. "हे काय हो? तुम्ही याला मारत होता?"

लोडने अडकलेला दाभण ओढून बाहेर काढला. मग म्हणाला, "पाव एकदाच हिसकावला होता. तोही अर्धाच खाल्ला."

"आणि त्याने तुम्हाला पाडलं?"

"पाडलं नाही गं. मी पडलो."

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट बायकोला नवीन होती. ती स्टूल ओढून समोर बसली, आणि लोडने सांगायला घेतलं.

काडी नावाप्रमाणेच होता. खेळात त्याला घेत नसत असं नाही. चेंडू नेम धरून मारायला खांब लागला की घेत. येता-जाता टपली, येता-जाता टोपी उडव. शेवटी पोरगं घराबाहेर पडेना. शाळेच्या वेळी पोटात दुखायचं, संध्याकाळी पाय दुखायचे. आईची समजूत अशी झाली की मुलाला काहीतरी मोठं दुखणं आहे. दुखणं काय आहे ते एकट्या लोडला ठाऊक होतं, आणि औषधही त्यालाच सुचलं. काडीने गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या पोराला सगळ्यांदेखत लोळवलं की काम झालं. आता सगळ्यात मोठा पोरगा कोण, याचा शोध घ्यायला लोडला आरशापलीकडे जावं लागलं नाही.

काडीला कटात घेण्यात अर्थ नव्हता. खोटं बोलताना त्याला हसू यायचं. म्हणून लोडने एका संध्याकाळी दुकानासमोर, सगळी पोरं जमलेली असताना, त्याच्या हातातला पाव हिसकावला. काडी रडेल आणि पळेल अशी भीती होती, म्हणून वर "तू काडी ती काडीच" असंही म्हणाला. ते म्हणताना स्वतःलाच कसंतरी झालं. पाव खाल्ला तो नाटक खरं वाटावं म्हणून, आणि थोडा भूक लागली होती म्हणून. मग काडी पेटला. त्याने डोळे गच्च मिटले आणि हात फिरवला. लोड पडला.

पडणं हा त्याचा घरचा धंदाच होता. गादी तयार झाली की गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्यावर धडाधड पडून पाहायचं, कुठे गाठ लागते का ते बापाला सांगायचं, हे लहानपणी त्याचं रोजचं काम. असं पडणारा पोरगा साऱ्या गावात नव्हता. पोरांनी जल्लोष केला. काडीने डोळे उघडले, लोड आडवा दिसला, आणि तो वीर पहिल्या विजयाच्या क्षणी रडवेल्या आवाजात म्हणाला, "लागलं का रे?"

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय? 'फार लागलं' म्हणालो. उरलेला पाव दोघांनी खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत जायला लागला. पुढचं सगळं तू वाचतेच आहेस."

बायकोने डोळे पुसले आणि लगेच फणकारली. "आणि त्याची फेड ही? राक्षस? आणि मळकट सदरा म्हणे! सासूबाई ऐकतील तर वरून खाली येतील. त्यांच्या धुण्याला गावात नाव होतं. तुम्ही आत्ताच्या आत्ता त्यांना कळवा."

"काय कळवू? 'तुझा पहिला ठोसा बसलाच नव्हता' असं?"

पेच बायकोच्याही ध्यानात आला. गप्प बसावं तर मित्राच्या मनात जन्मभर राक्षस. बोलावं तर त्या म्हाताऱ्या जगज्जेत्याच्या पायाखालची पहिलीच वीट निघणार. त्या दिवशीचे उरलेले टाके इतके वाकडे पडले की ती गादी शेवटी त्यांनी स्वतःच वापरायला घेतली.

इकडे गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या प्रतीवर कुलूपवाल्याने हात मारला आणि तिसरं प्रकरण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवू लागला. परिणाम मात्र भलताच झाला. लोकांनी लोडला वाळीत टाकलं नाही. उलट त्याचा भाव वधारला. 'गादी उद्याच हवी' म्हणून टेबल बडवणारी गिऱ्हाइकं आता म्हणू लागली, "सावकाश द्या हं, काही घाई नाही." रस्त्यात लोक वाट सोडू लागले. अनोळखी माणसं दुकानात शिरून फोटो काढून घ्यायची. "जरा रागाने बघा ना काका." लोड रागाने बघायचा प्रयत्न करायचा तेव्हा त्याला शिंक आल्यासारखं दिसायचं. नातीने तर शाळेत सांगून टाकलं की तिचे आजोबा राक्षस आहेत. तेव्हापासून तिचा डबा तिला पूर्ण मिळू लागला.

"आजोबा, अजून कुणाकुणाला मारायचात?" ती डोळे मोठे करून विचारायची.

"आता आठवत नाही बाळा," लोड म्हणायचा. हे खरंच होतं.

मग ग्रंथालयाच्या बाई दुकानात आल्या. बॉक्सरसाहेब येणार होते. ग्रंथालयाच्या सभागृहात स्वतःच्या तोंडाने पुस्तकातलं बालपण वाचणार होते. "आणि आमची फार इच्छा आहे," बाई म्हणाल्या, "की राक्षसांनी व्यासपीठावर बसावं."

"राक्षस येतील," बायकोने परस्पर सांगून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने त्याला पांढराशुभ्र सदरा घातला. इतकी खळ की लोडला मान वळवता येईना. "आज बोला," ती बटणं लावता लावता म्हणाली. "सगळ्यांसमोर बोला. नाहीतर राक्षस म्हणूनच जाल."

"अगं, त्याची सगळी हाडं त्या एका दिवसावर उभी आहेत. ती मी काढून घेऊ?"

"आणि तुमच्या हाडांचं काय?"

"माझ्यावर मांस पुष्कळ आहे," लोड म्हणाला.

सभागृह ठासून भरलं होतं. काडी आला. नाक दोन ठिकाणी वाकलेलं, कान फुलकोबीसारखे, केस पिकलेले. चालताना पाऊल टाकण्याआधी जमिनीचा अंदाज घेत होता. त्याने लोडकडे पाहून मान हलवली. ती ओळखीची होती की राक्षसाला केलेला सलाम, हे लोडला कळेना. मग काडीने वाचायला सुरुवात केली. कुत्र्याचं अर्धं पान झालं, लोक हळहळले. राक्षस आला तेव्हा सगळं सभागृह एका मानेने लोडकडे वळलं. लोडने मळकट सदऱ्याच्या वाक्याला आपला शुभ्र सदरा जरा पुढे केला; बायकोने तशी सक्त ताकीद दिलेली होती. राक्षस कोसळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि तो राक्षस आज आपल्यात आहे!" ग्रंथालयाच्या बाई उत्साहाने म्हणाल्या. "सांगा ना, जगज्जेत्याचा पहिला ठोसा कसा होता?"

लोड उभा राहिला. पहिल्या रांगेतून बायको डोळ्यांनी ढकलत होती. बोलायचं तर हीच वेळ होती. त्याने एकदा काडीकडे पाहिलं. काडी पुस्तक छातीशी धरून बसला होता. त्या वाकड्या नाकाच्या, फुटक्या भुवयांच्या चेहऱ्यावर अगदी तोच भाव होता, "लागलं का रे?" विचारतानाचा.

लोडने घसा खाकरला. "ठोसा," तो म्हणाला, "फार जबर होता. अजून थंडी पडली की इथे दुखतं."

आणि त्याने डावा गाल धरला.

टाळ्या थांबेनात. काडीला ठसका लागला, त्याला पाणी द्यावं लागलं. बायकोने कपाळाला हात लावला आणि घरी जाईपर्यंत लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार अर्धवट उघडलं होतं तेवढ्यात काडी एकटाच आत आला. बसायला जागा शोधली, मिळाली नाही, तेव्हा नव्या कापसाच्या दोन गाद्या एकावर एक ठेवल्या होत्या त्यांवर बसला. बसला म्हणजे त्यांत गेला.

"वहिनी, नमस्कार," तो म्हणाला.

"नमस्कार भावजी," बायको म्हणाली, आणि 'भावजी' अशा काही सुरात म्हणाली की समोर कुलूपवाल्याचा हात थांबला. "चहा घेणार? की आमच्याकडचा चालत नाही? कप धुतलेले आहेत हो. आमच्यात सदरेसुद्धा धुतात."

"वहिनी, तो सदरा मी नाही घातला. मला पुस्तक लिहून देणाऱ्याने घातला. 'रोज' पण त्यानेच घातलं. म्हणाला, एकदाच पाव घेणारा कसला राक्षस?"

बायको चहा ठेवायला मागे गेली. पडदा मात्र तिने ओढला नाही.

काडी लोडकडे वळला. "कुठे दुखतं म्हणालास?"

"इथे." लोडने पुन्हा गाल धरला, मग विचार करून दुसरा धरला.

"पुस्तकात हनुवटी आहे."

"हनुवटी पण दुखते."

"लोड्या, माझा हात पोचलाच नव्हता."

लोडच्या हातातला कापूस खाली पडला. "तुला काय माहीत? तू तर डोळे मिटले होतेस."

"मिटले होते, पण एक जरा उघडा होता. भीती वाटत होती ना. त्या दिवशी काही कळलं नाही, खरंच वाटलं पाडलं तुला. पुढे रिंगमध्ये माणसं पडताना पाहिली तेव्हा कळलं. माणूस ठोसा बसल्यावर पडतो रे, आधी नाही. आणि पडण्यापूर्वी, मागे कापसाचा ढीग आहे ना, हे वळून बघत नाही. तू बघितलंस. मान वळवून नीट बघितलंस, दोन पावलं डावीकडे सरकलास, आणि मग पडलास."

लोड ओशाळला. "सवय. बापाने लावलेली. खाली बघितल्याशिवाय पडायचं नाही."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर मग राक्षस कशाला केलंस रे मला?" लोडचा आवाज जरा चिरकला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "सगळ्या जगाला म्हणू दे. मला वाटलं, तुलाच तसं आठवतं."

काडीने मान खाली घातली. गादीत बसल्यामुळे ती गुडघ्यांना टेकली. "आधी खरं लिहिलं होतं. 'माझा एक मित्र होता, तो फार चांगला होता.' झालं, एका ओळीत संपलास. पुढे काय लिहिणार? चांगल्या माणसाचं पुढे काही घडतच नाही. लिहून देणारा म्हणाला, ही ओळ काढू या. म्हटलं, त्याला काढायचं नाही. मग तो म्हणाला, मग त्याला वाईट करा. वाईट केलं तर सबंध प्रकरण मिळालं. मला सबंध प्रकरण हवं होतं रे तुझ्यावर." तो थांबला. "आणि भीतीपण वाटली. पहिली जीत मला कुणीतरी दिलेली होती असं छापलं असतं, तर लोक म्हणाले असते, मग बाकीच्या?"

"बाकीच्या तुला कोण देणार?" लोड म्हणाला. "मी नव्हतो तिथे."

"तेच ना. तू नव्हतास तिथे." काडीने वाकड्या नाकावरून हात फिरवला. "पहिल्या मोठ्या लढतीत मला असा ठोसा बसला की डोळ्यांपुढे काजवे. पडताना मी मागे वळून बघितलं. कापूस नव्हता."

मागे चहा उतू जाण्याचा आवाज आला आणि कुणीही उठलं नाही. बायको पडद्याशी उभी होती, पदर नाकाला लावून. लोडने नुसता काडीच्या खांद्यावर हात ठेवला. काडीने तो धरला, घट्ट धरला, आणि लोडकडे वर पाहिलं. जगज्जेत्याचे डोळे भरून आले होते. ओठ हलत होते. तो काहीतरी फार मोठं, जन्मभर जपून ठेवलेलं बोलणार, हे पडद्याशी उभ्या बायकोलाही कळलं आणि तिने श्वास रोखला.

"लोड्या," तो हळूच म्हणाला.

"बोल ना."

"जरा ओढ रे मला. या गादीतून उठता येत नाहीये. आणि वहिनींना थोडं तिकडे बघायला सांग."